मृगातील बालसूर्य आणि क्ष-किरणांची साक्ष

हिवाळ्याच्या दिवसांत रात्रीच्या पहिल्या प्रहरी पूर्व आकाशाकडे पाहिले असता मृग नक्षत्र ओळखण्यास फारसे आयास पडत नाहीत. चार ठळक ताऱ्यांचा चौकोन, त्याच्या मध्यावर एका रेषेत तीन तारे, आणि तीच रेषा खाली वाढवली की लखलखणारा व्याध. व्याधाने सोडलेला बाण मृगाच्या शरीरात रुतला आहे, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु बाणाच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर फिकट ताऱ्यांची आणखी एक ओळ आहे. तिच्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. या ओळीच्या मध्यावरील ठिपका निरखून पाहावा. तो इतर ताऱ्यांसारखा रेखीव दिसत नाही. थंड काचेवर श्वास सोडावा तसा अंधुक व पसरट भासतो. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून हा पसरटपणा अधिकच स्पष्ट होतो. हाच मृगातील तेजोमेघ.

हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या आत व त्याच्या पाठीमागील काळोख्या मेघात तारे जन्म घेत आहेत. हजारो तारे नुकतेच जन्मले आहेत. ‘नुकतेच’ हा शब्द येथे ज्योतिषशास्त्राच्या मापाने घ्यावयाचा. या ताऱ्यांचे वय साधारणतः दहा ते तीस लाख वर्षे आहे. आपल्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. सूर्य हा शेहेचाळीस वर्षांचा प्रौढ गृहस्थ आहे असे मानले, तर दहा लाख वर्षांचा तारा म्हणजे अवघ्या चार दिवसांचे अर्भक होय.

सूर्य या वयाचा असताना कसा होता? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. सूर्याभोवती वायू व धूळ यांची जी विशाल चकती फिरत होती, तिच्यातूनच पृथ्वी व इतर ग्रह घडले, आणि ते नेमके याच काळात घडू लागले. ज्या भट्टीजवळ घडा घडला ती शांत होती की धगधगती, हे जाणल्यावाचून घड्याचा इतिहास पुरा होत नाही. परंतु सूर्याचे बालपण पाहण्यास कोणीही साक्षीदार नव्हता. त्याच्यासारख्याच इतर अर्भकांकडे पाहून अनुमान करणे, एवढाच मार्ग मोकळा राहतो. आणि ही अर्भके धुळीच्या पडद्याआड असतात.

धुळीचा पडदा

तारे ज्या मेघांत जन्मतात ते अतिशय थंड असतात. त्यांच्या गाभ्यातील तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम दहा अंश भरते. त्यांत मुख्यतः हायड्रोजन वायू असतो. वस्तुमानाच्या दृष्टीने शंभरात सुमारे एक भाग सूक्ष्म धूळ असते. ही धूळ थोडी खरी, पण तिच्या कणांचा आकार दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळे प्रकाश अडवण्याच्या व विखुरण्याच्या कामी ती फार परिणामकारक ठरते. मेघाच्या गाभ्यामागे अथवा गाभ्यात असलेल्या ताऱ्याच्या प्रकाशापैकी लक्ष कोटींत एक भागदेखील कित्येकदा आपणापर्यंत पोहोचत नाही.

अवरक्त किरणांची तरंगलांबी मोठी असल्यामुळे ते या पडद्यातून बरेच पार होतात, आणि मेघांचे अंतरंग प्रथम उघडले ते त्यांच्याच साहाय्याने. पण येथे एक निराळी अडचण उभी राहते. अवरक्त छायाचित्रात मेघातील तारे दिसतात, तसेच मेघाच्या पलीकडील असंख्य वृद्ध तारेही दिसतात. ज्या तरुण ताऱ्याभोवती धुळीची चकती शिल्लक आहे तो आपल्या अतिरिक्त उष्णतेमुळे ओळखता येतो. पण ज्याची चकती विरून गेली आहे, तो गर्दीत मिसळून जातो. जत्रेत हरवलेले मूल कपड्यांवरून ओळखावे आणि त्याने कपडेच बदललेले असावेत, तशी ही स्थिती होय.

क्ष-किरणांनी ही अडचण दोन्ही बाजूंनी सोडवली. ते मेघातून पार होतात, आणि ते मुख्यत्वे तरुण ताऱ्यांकडूनच विपुल येतात.

येथे वाचकाच्या मनात एक शंका उद्भवेल. क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणातून खाली येऊ शकत नाहीत, हे प्रसिद्ध आहे. मग जे किरण काही मैलांच्या हवेत नष्ट होतात, ते कित्येक प्रकाशवर्षे पसरलेल्या मेघातून कसे पार व्हावे? उत्तर अंतरात नसून वाटेत भेटणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणात आहे. आपल्या डोक्यावरील हवेचा विचार केला, तर दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक किलोग्रॅम द्रव्य भरते. उलट दृश्य प्रकाश पार मावळवून टाकणाऱ्या वरील मेघात तेवढ्याच क्षेत्रामागे एका ग्रॅमचा सुमारे दहावा भाग द्रव्य असते, आणि तेही बहुतांशी हायड्रोजन. क्ष-किरणांना अडवतात ते प्रामुख्याने ऑक्सिजन, कार्बन, लोह अशा जड अणूंच्या आतल्या कक्षांतील इलेक्ट्रॉन. हाताच्या क्ष-किरण चित्रात मांस पुसट व हाड ठळक उमटते ते याच कारणाने. हाडात कॅल्शियम असते. शिवाय किरणांची ऊर्जा दुप्पट झाली की ते अडण्याचे प्रमाण साधारणतः आठव्या हिश्शावर येते. त्यामुळे ‘मृदू’ म्हटले जाणारे कमी ऊर्जेचे किरण मेघात अडकतात, पण ‘कठीण’ किरणांचा निम्म्याहून अधिक भाग सुखरूप बाहेर पडतो.

थंड ताऱ्यातून क्ष-किरण कसे?

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये वुर्झबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा ते निर्वात नळीत वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आदळवून निर्माण होत होते. निसर्गात ते विपुल निर्माण व्हावयाचे तर वायू लक्षावधी अंश तापलेला हवा. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आतबाहेरचा, आणि तरुण ताऱ्यांचा तर त्याहूनही थंड, चार हजारांच्या सुमारास. तेव्हा अशा ताऱ्यांकडून क्ष-किरणांची अपेक्षा करणे हे वरवर पाहता व्यर्थच.

परंतु सूर्याचे एक गूढ होते. खग्रास ग्रहणात दिसणाऱ्या त्याच्या किरीटाच्या वर्णपटात काही अनोळखी रेषा होत्या. जर्मनीचे वाल्टर ग्रोट्रियान आणि स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी १९४० च्या सुमारास असे दाखवले की, त्या रेषा अनेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहादी अणूंच्या आहेत. म्हणजेच किरीट दहा-वीस लक्ष अंश तापलेला आहे. पुढे १९४९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनांकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ अग्निबाणावर उपकरणे चढवून सूर्याचे क्ष-किरण प्रत्यक्ष मोजले. ते सूर्याच्या एकूण तेजाच्या दशलक्षांशाएवढेही भरत नाहीत. या हिशोबाने सूर्यासारखा तारा सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या अंतरावर नेऊन ठेवला, तरी त्या काळच्या उपकरणांना त्याचा पत्ता लागला नसता. १९६२ च्या जून महिन्यात रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाने पाठवलेल्या अग्निबाणाला वृश्चिक राशीत क्ष-किरणांचा एक प्रखर उगम सापडला आणि या नव्या ज्योतिषशास्त्राचा पाया घातला गेला; पण तो उगम म्हणजे एक अगदी निराळ्या जातीचा पदार्थ होता. सामान्य ताऱ्यांकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते.

तरुण तारे मात्र दृश्य प्रकाशातही आपले वेगळेपण दाखवीत होते. अल्फ्रेड जॉय यांनी १९४५ मध्ये वृषभ व त्याच्या आसपासच्या काळोख्या मेघांजवळील अनियमितपणे उजळणाऱ्या-मंदावणाऱ्या ताऱ्यांचा एक वर्ग नोंदवला. ‘टी टॉरी’ हा त्या वर्गाचा नमुनेदार तारा होय. हे तारे अल्पवयीन आहेत, हे सोव्हिएट आर्मेनियातील व्हिक्टर अंबार्त्सुमियान यांनी आग्रहाने मांडले. मेक्सिकोचे गिलेर्मो हारो यांना १९५३ च्या सुमारास मृगाच्या तेजोमेघातच अकस्मात भडकून पुन्हा शांत होणारे तारे आढळले. या साऱ्या चिन्हांचा अर्थ लागण्यास मात्र क्ष-किरणांची प्रतिमा घेणारी दुर्बीण यावी लागली.

मध्यंतरी १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून सोडलेल्या ‘उहुरू’ या उपग्रहाला मृगाच्या दिशेकडून येणारे क्ष-किरण जाणवले होते. पण ते नेमक्या कोणत्या ठिकाणाहून येतात हे सांगणे त्याच्या आटोक्याबाहेरचे होते. नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘आइन्स्टाइन’ वेधशाळा अवकाशात गेली, आणि तो एक अस्पष्ट उगम अनेक बिंदूंमध्ये विभागला गेला. प्रत्येक बिंदू म्हणजे एक तरुण तारा.

याच वेधशाळेने ज्येष्ठा ताऱ्याच्या शेजारच्या काळोख्या मेघाचेही वेध घेतले. हा मेघ मृगापेक्षा पुष्कळ जवळ, चारशे ते साडेचारशे प्रकाशवर्षांवर आहे. थिएरी मोंमेर्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार तेथे सुमारे पन्नास उगम सापडले. चमत्कार असा की, तोच भाग पुन्हा पाहिला असता दर खेपेस निराळेच उगम उजळलेले दिसत. संशोधकांनी त्याला नाताळच्या झाडाची उपमा दिली. आपल्या वाचकास दिवाळीत उघडझाप करणारी दिव्यांची माळ आठवेल. हे तारे संथपणे तेवत नव्हते, ते भडकत होते. आणि एक अनपेक्षित लाभ झाला: ज्यांच्याभोवती चकती उरलेली नाही असे तरुण तारे वृषभ व इतर मेघांत मोठ्या संख्येने सापडू लागले. जत्रेतील ते मूल कपड्यांवरून नव्हे, तर आवाजावरून ओळखले गेले.

तिरप्या आरशांची दुर्बीण

क्ष-किरणांची दुर्बीण आपल्या नेहमीच्या दुर्बिणीहून अगदीच वेगळी असते. आरशावर सरळ पडणारा क्ष-किरण परावर्तित न होता आत शोषला जातो. परंतु चपटा खडा पाण्यावर अगदी तिरका भिरकावला तर तो बुडत नाही, टप्पे घेत पुढे जातो. तसेच अत्यंत तिरक्या कोनात येणारा क्ष-किरण गुळगुळीत धातूवरून निसटता परावर्तित होतो. जर्मन शास्त्रज्ञ हान्स वोल्टर यांनी १९५२ मध्ये अशा निसटत्या परावर्तनाने स्पष्ट प्रतिमा मिळवण्याची रचना सुचवली. तिचा आरसा ताटासारखा नसून दोन्ही बाजूंनी उघड्या पिंपासारखा असतो, आणि किरण त्याच्या आतल्या भिंतीला घासून जातात.

या रचनेचे सर्वोत्कृष्ट रूप म्हणजे २३ जुलै १९९९ रोजी अवकाशात नेलेली ‘चंद्रा’ वेधशाळा. लाहोरात जन्मलेले व मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव अमेरिकेने तिला दिले, हे येथे नमूद करणे उचित होईल. ताऱ्यांच्या अंतकाळाचे गणित मांडणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या नावाची वेधशाळा ताऱ्यांच्या शैशवाचा शोध घेण्यासही उपयोगी पडावी, हा एक सुखद योग म्हणावयाचा. तिच्यात एकात एक बसवलेल्या आरशांच्या चार जोड्या असून त्यांवर इरिडियम धातूचा लेप आहे. सर्वांत मोठ्या आरशाचा व्यास १.२ मीटर आहे. तिची दृष्टी अर्ध्या विकलेइतकी तीक्ष्ण आहे. मृगाच्या मध्यभागी तारे इतके दाटीने आहेत की, याहून मंद दृष्टीच्या दुर्बिणीत ते एकमेकांत मिसळून जातात.

तिच्या कक्षेचेही महत्त्व आहे. पृथ्वीजवळून फिरणारे उपग्रह दीड तासात एक फेरी पुरी करतात, आणि त्यामुळे पृथ्वी वारंवार त्यांच्या दृष्टीआड येते. चंद्रा वेधशाळेची कक्षा मात्र फार लांबट, पृथ्वी-चंद्र अंतराच्या सुमारे एकतृतीयांशापर्यंत जाणारी, आणि एक फेरी सुमारे चौसष्ट तासांची. त्यामुळे दोन-दोन दिवस एकाच ठिकाणी टक लावून बसणे तिला शक्य होते.

तेरा दिवसांचा जागता पहारा

जानेवारी २००३ मध्ये या सोयीचा पुरेपूर उपयोग करण्यात आला. एरिक फिगेल्सन यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मृगाच्या तेजोमेघाच्या मध्यभागावर वेधशाळा रोखली आणि ती जवळजवळ तेरा दिवस तेथेच ठेवली. वेधशाळा पृथ्वीभोवतालच्या विद्युत्भारित कणांच्या पट्ट्यांतून जात असताना मध्ये पाच वेळा खंड पडला, तेवढाच. प्रत्यक्ष निरीक्षणाचा काळ ८,३८,००० सेकंद, म्हणजे सुमारे पावणेदहा दिवस भरला. पाहिलेले क्षेत्र पौर्णिमेच्या चंद्रबिंबापेक्षाही लहान होते.

अशा निरीक्षणात प्रत्यक्ष काय हाती येते, हे समजून घेण्याजोगे आहे. वृत्तपत्रांत छापली जाणारी निळी-तांबडी चित्रे पाहून वाचकाची फसगत होण्याचा संभव असतो. क्ष-किरणांना डोळ्याला दिसणारा रंग नसतो, आणि ते रंग मागाहून सोयीसाठी भरलेले असतात. मूळ सामग्री म्हणजे एक लांबलचक यादी होय. क्ष-किरण फोटॉनांच्या, म्हणजे ऊर्जेच्या सुट्या पुडक्यांच्या, रूपाने येतात आणि ग्राहक-पट्टी त्यांना एकेकटे टिपते. ही पट्टी दर तीन सेकंदांच्या सुमारास वाचली जाते. फोटॉन कोठे पडला, केव्हा पडला व त्याची ऊर्जा किती होती, एवढ्या तीन गोष्टी त्या यादीत लिहिल्या जातात. ‘कोठे’ यावरून प्रतिमा, ‘केव्हा’ यावरून ताऱ्याच्या चढउताराचा आलेख आणि ‘ऊर्जा किती’ यावरून वायूचे तापमान. फोटॉनांची संख्या मात्र विलक्षण अल्प असते. साध्या टॉर्चच्या दिव्यातून एका सेकंदात किती प्रकाशकण बाहेर पडतात त्याची मोजदाद अब्जांच्या अब्जांत करावी लागते. येथे काही अंधुक ताऱ्यांकडून दहा दिवसांत आलेले फोटॉन हाताच्या बोटांवर मोजता यावेत. पण पार्श्वभूमी जवळजवळ कोरी असल्यामुळे तेवढेही पुरतात. दाण्या-दाण्याने कोठार भरावे तशी ही विद्या आहे.

या निरीक्षणात १,६१६ उगम सापडले. त्यांपैकी काही मेघाच्या पार पलीकडील दूरच्या दीर्घिकांचे होते, थोडे अलीकडील ताऱ्यांचे. परंतु सुमारे १,४०० उगम मृगातील तरुण ताऱ्यांचेच ठरले. सूर्याच्या दशांश वस्तुमानाच्या चिमुकल्या ताऱ्यांपासून सूर्याच्या कित्येक पट जड ताऱ्यांपर्यंत सर्व तऱ्हेचे तारे त्यांत होते.

सूर्याच्या बालपणाबद्दल ज्यांची साक्ष काढावयाची ते होते साधारण सूर्याएवढ्या वस्तुमानाचे अठ्ठावीस तारे. ते एरवीच्या स्थितीतही आजच्या सूर्यापेक्षा सुमारे हजारपट क्ष-किरण बाहेर टाकताना आढळले. त्याशिवाय सरासरीने आठवड्यातून एकदा प्रत्येक ताऱ्यावर एक मोठी ज्वाला उसळत होती. ‘मोठी’ म्हणजे किती? सूर्यावर १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी पाहिलेली ज्वाला प्रसिद्ध आहे. तिच्या पाठोपाठ आलेल्या चुंबकीय वादळाने युरोप व अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळित झाली होती. मृगातील बालसूर्यांच्या ज्वाला सूर्यावर आजवर नोंदलेल्या मोठ्यात मोठ्या ज्वालांच्याही कितीतरी पट बलवान आहेत. सूर्यावरील ज्वालेत वायू एक-दोन कोटी अंश तापतो. येथे तो दहा कोटी अंश व त्याहूनही वर गेलेला आढळला. सूर्यावर शतकातून एखाद्या वेळी जे घडते, त्याहूनही भयंकर असे काही या ताऱ्यांच्या नित्याच्या दिनक्रमात बसते.

एवढी शक्ती येते कोठून? उत्तर सूर्याच्याच उदाहरणाने मिळते. ताऱ्याच्या अंतर्भागात तप्त वायू उकळत्या पाण्याप्रमाणे वरखाली होत असतो, आणि तारा स्वतःभोवती फिरत असतो. या दोन्ही गतींच्या संयोगाने चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. बलरेषा पृष्ठभागातून कमानीसारख्या बाहेर येतात, वायूच्या हालचालीने पिळल्या जातात, आणि पीळ असह्य झाला की तुटून नव्याने जुळतात. त्या क्षणी साठलेली ऊर्जा मोकळी होऊन वायू भडकतो. सूर्याला स्वतःभोवती फिरण्यास पंचवीस दिवसांहून अधिक काळ लागतो. हे बालतारे दोन ते दहा दिवसांत एक फेरी घेतात, आणि त्यांच्या अंतर्भागात पृष्ठापासून केंद्रापर्यंत सर्वत्र ती उकळी चाललेली असते. शिवाय त्यांचा आकारही सूर्याहून मोठा असतो. क्ष-किरणांचा वाटा एकूण तेजाच्या हजारांशापर्यंत चढतो तो यामुळे.

ताऱ्यावर चकतीतून अखंड वायू कोसळत असतो, त्याच्या आघाताने हे किरण निघत असावेत, असा एक पर्याय होता. आघाताने वायू तापतो हे खरे. वासुकी तारकासमूहातील सुमारे दोनशे प्रकाशवर्षांवरील एका टी टॉरी जातीच्या ताऱ्याच्या वर्णपटात चंद्रा वेधशाळेला तीस लक्ष अंशांच्या आसपास तापलेला, पण किरीटाच्या मानाने फारच दाट असा वायू आढळला. तो आघाताचाच परिणाम असावा असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. परंतु मृगात उलटीच गोष्ट दिसली. ज्यांच्यावर वायू कोसळत आहे असे तारे इतरांपेक्षा काहीसे कमीच क्ष-किरण देतात. याचे पुरते स्पष्टीकरण झालेले नाही. तथापि मुख्य अपराधी चुंबकत्वच आहे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही.

या कमानींचा आकार मोजण्याची युक्ती मोठी मार्मिक आहे. १,३५० प्रकाशवर्षांवरून त्या दिसणे सर्वथा अशक्य. पण ज्वाला किती वेळात थंडावते, हे आलेखावरून कळते. लहान भांड्यातील पाणी लवकर निवते, मोठ्या घंगाळातील उशिरा. त्याचप्रमाणे थंडावण्याचा वेळ, तापमान व तेज या तिन्हींवरून तप्त वायू भरलेल्या कमानीची लांबी काढता येते. काही ज्वाला थंडावण्यास कित्येक तास, क्वचित एक दिवसही लागला. हिशोब केला तेव्हा काही कमानी ताऱ्याच्या त्रिज्येच्या दहापट वा अधिक लांब निघाल्या. सूर्यावरील कमानी सूर्याच्या त्रिज्येहून सहसा लहान असतात. एवढ्या लांब कमानी थेट चकतीच्या आतल्या कडेपर्यंत पोहोचतात. तेव्हा त्यांचा एक पाय ताऱ्यावर आणि दुसरा चकतीवर रोवलेला असावा, ही कल्पना साहजिकच पुढे आली. पुढील तपासणीत चकती नसलेल्या ताऱ्यांवरही तशाच प्रचंड कमानी आढळल्यामुळे ती कल्पना सर्वांना मान्य झालेली नाही.

चकतीवरील परिणाम

क्ष-किरण चकतीवर आदळतात, याचा मात्र प्रत्यक्ष पुरावा मिळाला आहे. अत्यंत तप्त लोहाचे अणू ६.७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची एक ठळक रेषा देतात. थंड लोहावर बाहेरून क्ष-किरण पडले तर त्यातून निघणारी रेषा किंचित कमी, ६.४ हजारांवर येते. ज्येष्ठेजवळच्या मेघातील एका कोवळ्या ताऱ्याच्या ज्वालेत ही दुसरी रेषा २००१ मध्ये दाखवण्यात आली, आणि पुढे मृगातील त्या तेरा दिवसांच्या निरीक्षणात आणखी सात ताऱ्यांत ती सापडली. दहा कोटी अंशांच्या ज्वालेत थंड लोह टिकूच शकत नाही. ते ताऱ्याबाहेर, ज्वालेच्या उजेडात न्हाणाऱ्या चकतीतच असले पाहिजे.

आता या उजेडाने चकतीत काय घडते? क्ष-किरण वायूच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करतात. असा आयनीभूत वायू चुंबकीय बलरेषांशी बांधला जातो, त्यात खळबळ माजते, आणि त्या खळबळीमुळे वायू हळूहळू ताऱ्याकडे सरकतो. किरण शिरू शकत नाहीत असा चकतीचा मधला खोल थर मात्र त्या मानाने निवांत राहतो. ग्रहांचे बीज कोठे रुजेल व कोठे उधळले जाईल, हे या दोन थरांच्या वाटणीवर पुष्कळसे अवलंबून असावे. खळबळ असलेल्या चकतीत नवा ग्रह सरळ ताऱ्याकडे ओढला जाण्याऐवजी इकडेतिकडे ढकलला जातो, आणि म्हणून पृथ्वीसारखे ग्रह ताऱ्यात पडण्यापासून वाचले असतील, असे या निरीक्षणानंतर सुचवण्यात आले. तर्क आकर्षक आहे. सिद्ध झाला असे मात्र म्हणता येणार नाही. दुसरीकडे, क्ष-किरणांनी तापलेला चकतीच्या पृष्ठावरील वायू अवकाशात उडून जातो. बहुतेक चकत्या काही दशलक्ष वर्षांत विरतात. गुरूसारख्या वायुमय ग्रहाला आपले वायूचे आवरण त्या मुदतीतच गोळा करावे लागते.

मृगाच्या मध्यभागी चार प्रखर ताऱ्यांचा एक लहानसा चौकोन आहे. त्यातील सर्वांत तेजस्वी तारा सूर्याच्या तीस-चाळीसपट जड असून आसपासचा तेजोमेघ मुख्यतः त्याच्याच अतिनील किरणांनी उजळला आहे. त्याचे क्ष-किरण दर १५.४ दिवसांनी चढतात व उतरतात, आणि २००२ मध्ये त्याच्यावर प्रबळ चुंबकीय क्षेत्रही मोजले गेले. अशा ताऱ्यांचे वारे एकूण मेघावर काय परिणाम करतात, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ वेधशाळेच्या निरीक्षणांवरून दिसले: तेजोमेघाच्या पोकळीत दहा-वीस लक्ष अंश तापलेला विरळ वायू भरलेला आहे. हा मात्र एका वेगळ्या पुस्तिकेचा विषय होईल.

उल्केतील नोंद

मृगातील साक्षीदार कितीही विश्वसनीय असले, तरी ते आपल्या सूर्याविषयी थेट काही सांगत नाहीत. त्यासाठी आपल्याच सूर्यमालेतील एखादा जुना कागद हवा. तो उल्कापाषाणांत मिळतो. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत अलेंदे या गावाजवळ एक मोठा उल्कापाषाण पडला. त्यात कॅल्शियम व ॲल्युमिनियम यांनी समृद्ध असे पांढरट खडे आहेत. सूर्यमालेतील हे सर्वांत जुने घन पदार्थ, वय सुमारे ४५६.७ कोटी वर्षे. फ्रान्स व अमेरिकेतील संशोधकांनी २००० मध्ये अशा एका खड्यात बोरॉनाच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले, तेव्हा बोरॉन-१० हे अपेक्षेहून अधिक भरले. आणि जेथे बेरिलियम जास्त तेथे ते अधिक्यही जास्त. याचा अर्थ असा की, खडा गोठताना त्यात बेरिलियम-१० होते आणि मागाहून त्याचे बोरॉन झाले.

बेरिलियम-१० चे अर्धायुष्य सुमारे चौदा लाख वर्षे आहे. म्हणजे ते खडा घडण्याच्या थोडेच आधी तयार झालेले असले पाहिजे. आणि ते ताऱ्यांच्या गाभ्यात तयार होत नाही, तेथे ते उलट नष्टच होते. अतिवेगवान कण ऑक्सिजनासारख्या अणुगर्भांवर आदळून त्यांचे तुकडे उडतात, तेव्हाच ते निर्माण होते. असे वेगवान कण ज्वालांतून बाहेर पडतात. मृगातील बालसूर्यांच्या क्ष-किरणांवरून त्यांच्या ज्वालांतील कणांचा अंदाज बांधला, तर तो आजच्या सूर्याच्या लाखपट येतो, आणि खड्यातील बेरिलियमचा उलगडा करण्यास तेवढा पुरेसा आहे. हे बेरिलियम दीर्घिकेतील विश्वकिरणांनी मूळ मेघातच तयार झाले व तेथून ते खड्यात आले, असेही काही संशोधकांचे म्हणणे आहे. दोन्ही पक्षांच्या हिशोबांची तपासणी चालू असून निरनिराळ्या खड्यांत बेरिलियमचे प्रमाण सारखे आहे की कमीजास्त, यावर आता मापनाचा भर आहे. ते सर्वत्र सारखे निघाल्यास मूळ मेघाकडे बोट जाईल. खड्यागणिक बदलणारे निघाल्यास, ते खडे ज्याच्या ज्वालांजवळ भाजले गेले त्या बालसूर्याकडे.